तांबडा, पांढरा आणि कबरा : एका परसातल्या तीन कोंबड्यांचं प्रकरण

मी पशुसखी म्हणून काम करते. लसीकरण, जंतनाशक, पिल्लांची देखभाल यासाठी वाडीवाडीतून फिरते. हे प्रकरण सिंधुदुर्गातल्या एका घरचं आहे. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदललेत. कोंबड्यांबद्दल मात्र जे घडलं तेच लिहिलंय, माझ्या चुकांसकट.

पार्श्वभूमी

घरात साठी ओलांडलेली काकी, मुलगा, सून आणि सहा वर्षांचा नातू. कोंबड्या काकीच्या. १४ कोंबड्या, बहुतेक गावठी, दोन-तीन सुधारित जातीच्या, आणि चार वर्षांचा एक म्हातारा कोंबडा. अंडी वाडीतच खपतात, पण खरे पैसे पिल्लांचे. त्यामुळे या घरी कोंबडा शोभेचा नाही. तो नीट नसेल तर अंडी वांझ निघतात आणि पिल्लांचा हंगाम वाया जातो.

माघात काकीने एक खुडूक कोंबडी ११ अंड्यांवर बसवली. त्यातली तीन अंडी तिने माहेराहून आणली होती. तिच्या भावाकडे असील या झुंजीच्या जातीच्या रक्ताचे उंच, लांब मानेचे कोंबडे आहेत. २१ दिवसांनी नऊ पिल्लं निघाली. एक मादी पिल्लू घारीने नेलं. राहिले पाच नर आणि तीन माद्या.

माहेरच्या अंड्यातून आलेल्या एका नराचा पाय लचकला होता. काकीने त्याला चुलीजवळ डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या टोपलीखाली, ठेवलं आणि नातवाने त्याला पंधरा दिवस हाताने कणी भरवली. पोरगा त्याला मांडीवर घेऊन बसायचा, शाळेतून आला की आधी डालगं उचलायचा. हाच पुढे तांबडा झाला. तेव्हा हे सगळ्यांना गोड वाटलं, मलाही. मी त्याचे फोटो काढले होते.

आषाढात गटारीच्या आधी गावठी कोंबड्याला भाव चांगला असतो. काकीने मला विचारलं, पाचांतले कुठले दोन विकू? मी तराजू काढला. तांबडा सगळ्यांत वजनदार, त्याच्या खालोखाल सुधारित कोंबडीचा पोर असलेला पांढरा. मी म्हटलं, हे दोघे ठेवा, पुढची पिल्लं अंगाने भरतील. गिऱ्हाइकाने मधल्या वजनाचे दोन नेले. कबरा अंगाने बारीक, म्हणून कोणी घेतलाच नाही. तो राहिला तो एवढ्याच कारणाने. त्याच दिवसांत काकीने तांबडा देवचाराला, म्हणजे राखणदार देवाला, बोलून टाकला. भातकापणी झाली की त्या घरातून दरवर्षी राखण, म्हणजे देवचाराला कोंबड्याचा बळी, देतात.

तोवर म्हाताऱ्या कोंबड्याचा वचक होता. जवान नर कोंबडीच्या मागे लागला की तो नुसता मान ताठ करून दोन पावलं पुढे यायचा आणि नर बाजूला व्हायचा. श्रावणातल्या एका रात्री खुराड्याची फळी पावसाने फुगून सुटली आणि मुंगूस आत शिरलं. म्हातारा गेला. तिन्ही नर तेव्हा साडेपाच-सहा महिन्यांचे होते, म्हणजे अंगात रग भरायच्या नेमक्या वयात.

अडचण

गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले, घरात सात मुलं. तांबडा माणसाला भीत नव्हताच. अंगणात कोणी आलं की तो पंख फुलवून तिरका चालत जायचा. मुलांना त्यात खेळ सापडला. एकाने त्याच्यासमोर उडी मारायची, तो धावला की सगळ्यांनी ओरडत पडवीवर पळायचं. हे पाच दिवस चाललं. मोठी माणसं बघत होती, हसत होती. प्रत्येक पळापळीत कोंबडा एकच गोष्ट शिकत होता : लहान माणसावर चालून गेलं की ते पळतं.

चाकरमानी परतल्यावर अंगणात एकटा नातू उरला. अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात तो चप्पल शोधायला उतरला आणि तांबड्याने समोरून उडी घेतली. पायामागचा काटा अजून बोराच्या बीएवढाच होता. जखम नखांची होती, डाव्या डोळ्याच्या जेमतेम बोटभर खाली. आरोग्य केंद्रात दोन टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. शेजारच्यांनी रेबीजची सुई घ्या म्हणून घोर लावला होता. रेबीज सस्तन प्राण्यांचा रोग आहे, कोंबड्यापासून होत नाही, हे मी फोनवरच सांगितलं. पण डोळा वाचला तो नशिबाने, हे कोणीच नाकारत नव्हतं.

काकीला पहिल्यांदा ते पटेना. “बाय, तो कोंबो माका आजपर्यंत टोचूक नाय. पोराचीच खोडी असतली.” तिचं म्हणणं खरंही होतं, तिला तो काही करत नव्हता. ती दाणे घेऊन यायची, उंच होती, संथ चालायची. पोराचं तोंड मात्र कोंबड्याच्या उडीच्या उंचीवर यायचं.

मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. नऊ कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडल्या होत्या आणि दोघींना पंखाखाली चिरा होत्या. रोजची आठ-नऊ अंडी चारवर आली होती. चार कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात न जाता फणसावर चढून बसत होत्या.

इथे घाईने कोंबड्यावर ठपका ठेवणं सोपं होतं. भाद्रपद-आश्विनात कोंबड्या पिसं टाकतातच आणि तेव्हा अंडी कमी होतात. म्हणून एकेक हातात घेऊन बघितली. पिसं टाकणाऱ्या कोंबडीच्या सर्वांगावर, मानेवर, शेपटीजवळ नवी काडीसारखी पिसं फुटलेली दिसतात. नराच्या त्रासाने गेलेली पिसं फक्त पाठीवर आणि डोक्यामागे, आणि तिथे मोडलेले देठ बोटाला लागतात. चौदांपैकी पाच कोंबड्या पिसं टाकत होत्या. नऊ जणींना नरांनी सोललं होतं.

साधारण आठ-दहा कोंबड्यांना एक नर पुरतो. तीन तलंगा, म्हणजे त्याच खेपेच्या जवान माद्या, धरून माद्या १७. त्या हिशोबाने तीन नर म्हणजे एक जास्त, फार नव्हे. मात्र नर हिशोबाने वागत नाहीत. तिघेही त्याच आठ-नऊ कोंबड्यांमागे होते, आणि एक उतरला की दुसरा त्याला ढकलून चढत होता.

कोणते पर्याय होते

सर्वांत सरळ वाट म्हणजे तांबडा कापणं. मुलाचं मत तेच होतं आणि टाके पडलेल्या पोराच्या बापाचं ते असणारच. पण पितृपक्ष लागत होता, मागोमाग नवरात्र. दसऱ्यापर्यंत घरात वशाट, म्हणजे मांस-मच्छी, होणार नव्हतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो बोललेला कोंबडा होता.

दुसरी वाट स्वतः चालत दारात आली. पोराला कोंबड्याने मारल्याची बातमी पसरली आणि तिसऱ्या दिवशी एक माणूस मोटारसायकलवरून आला. त्याने तांबड्याच्या मांड्या दाबून बघितल्या आणि ४,००० रुपये सांगितले. बाजारात त्याचे हजारसुद्धा आले नसते. तो झुंजीसाठी नेणार हे सगळ्यांना कळलं होतं. जनावरांची आणि पक्ष्यांची झुंज लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. मी ते सांगितलं, पण सांगताना माझा आवाज बारीक होता, कारण त्या घराला चार हजार म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. निर्णय काकीने घेतला. “देवाक बोललंय मी. आता तो माझो नाय. पैशे चार दिवसांत सरतले, देवचाराक काय सांगू?” तो माणूस गेला. त्या पायाला कोणी काती, म्हणजे झुंजीचं पातं, बांधली नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

बोललेल्याच्या बदल्यात दुसरा कोंबडा देता येईल का, हे मुलाने गावातल्या जाणत्यांना विचारलं. त्यांनी हो म्हटलं, काकी नाही म्हणाली. यावर मी मत दिलं नाही, ती माझी जागा नव्हे.

राहिल्या दोन गोष्टी : तांबड्याला सुधारणं, नाहीतर राखणेच्या दिवसापर्यंत वेगळा ठेवणं. आम्ही दोन्ही एकदम धरलं.

काय केलं

गोठ्यामागे सहा फूट बाय चार फुटांची जागा बांबू आणि मासेमारीच्या जुन्या जाळ्याने बंद केली. वर झाप, आत बसायला आडवी काठी, अंग घोळायला राख आणि वाळू, रोज हिरवा पाला. सहा-सात आठवडे त्याला तिथेच काढायचे होते, ते हालात जाऊ नयेत हा काकीचा आग्रह होता आणि ती शेवटपर्यंत तो पाळत होती.

मुलाने दहा दिवस रोज सकाळी आत जाऊन त्याच्याबरोबर वेळ काढला. नियम तीन. मागे हटायचं नाही, लाथ मारायची नाही, आणि तो अंगावर आला तर उचलून काखेत घट्ट धरून तो सैल पडेपर्यंत उभं राहायचं. लाथ बसली की कोंबड्याला ती झुंज वाटते आणि तो पुन्हा येतो, पळ काढला तर तो जिंकतो. सातव्या दिवसापर्यंत तांबडा मुलाच्या पायाशी मुकाट दाणे टिपायला लागला. आम्हाला आशा वाटली. मग नातवाला बापाच्या मागे जाळ्याबाहेर उभा केला. त्या क्षणी कोंबड्याची मानेची पिसं छत्रीसारखी उभी राहिली आणि त्याने जाळ्यावर उडी घेतली. तीन दिवस तीन वेळा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच. मोठ्या माणसाशी त्याने जुळवून घेतलं होतं, लहान मुलाशी घेणार नव्हता. ज्या पोराने भरवलं त्याच्यावरच राग कसा, असं सुनेने विचारलं. मला समजलं ते असं : जो नर पिल्लांत वाढतो तो कोंबड्यांत आपली पायरी शोधतो. हा एकटा माणसांत वाढला. त्याच्या लेखी तो पोरगा बरोबरीचा नर होता, आणि वयात आल्यावर बरोबरीच्या नराला दाबायचंच असतं.

इथे आम्ही सुधारायचा प्रयत्न थांबवला. सहा वर्षांच्या पोराच्या डोळ्याशी पैज लावायची नव्हती.

आता पांढरा आणि कबरा. माझा समज असा की तांबडा बाजूला झाला, अर्धं काम झालं, आणि कबरा शांत आहे तर पांढरा लगेच विकून टाकावा. काकीने मला थांबवलं. वरचा असेपर्यंत खालचा शांतच दिसतो, म्हणाली, आधी बघू या. हे या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य होतं आणि ते प्रशिक्षण घेतलेल्या मला सुचलं नव्हतं. दबलेल्या नराचं वागणं हा त्याचा स्वभाव नव्हे, ती त्याची पायरी असते.

मग आम्ही तीन आठवडे बघितलं. सकाळी खुराडं उघडल्यावर अर्धा तास काकी पडवीच्या कट्ट्यावर बसायची, आठवड्यातून दोनदा मी. कोण आधी आरवतो तेही ती सांगायची. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की पहाटे वरच्या पायरीचा कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे उतरत्या क्रमाने. काकीने तो अभ्यास वाचलेला नाही, पण अंथरुणात पडल्या पडल्या तिला परसातला दर्जा कळत होता. तांबडा गोठ्यामागे कोंडलेला असूनही पहिले आठ दिवस पहिली बांग त्याचीच. नवव्या दिवशी पांढरा आधी ओरडला.

आणि त्या दिवसापासून कोंबड्यांचे हाल वाढले. पांढरा दाणा दिसला की आधी स्वतः पोट भरायचा. कधी रिकाम्या जमिनीवर चोच आपटून टुकटुक करायचा, कोंबडी धावत आली की दाणा नाहीच, तो सरळ तिच्यावर. एक पंख जमिनीला टेकवून तिच्याभोवती फेर धरणं, ती बसते का ते बघणं, यातलं काही नाही. त्याची सावली दिसली तरी तलंगा लाकडांच्या ढिगात शिरत. माणसाला मात्र त्याने कधी टोच मारली नाही. माणसापुरतं बघितलं असतं तर तो सर्वांत गरीब कोंबडा ठरला असता.

कबऱ्याचं वेगळं चाललं होतं. तो कडेला फिरायचा, आणि वाळवी किंवा गांडूळ सापडलं की खाली-वर चोच करत बोलवायचा, कोंबडी आली की स्वतः मागे सरायचा. “कबरो बघ कसो कोंब्यांका बोलावता!” काकी हे मला तीनदा तरी म्हणाली असेल. घार दिसली की कोंबडा एक लांब किंचाळी देतो, जमिनीवरून मुंगूस किंवा मांजर आलं तर थांबत थांबत कक्-कक् करतो. दोन्ही हाका वेगळ्या, आणि कोंबड्या त्या ओळखतात : पहिल्या हाकेला झाडाखाली दडतात, दुसऱ्या हाकेला माना उंच करून बघतात. त्या तीन आठवड्यांत काकीने अशा सात हाका मोजल्या. पाच कबऱ्याच्या. एकदा कुंपणातून मुंगूस आलं तेव्हा पांढरा सगळ्यांच्या आधी कौलांवर होता आणि कबरा पंख पसरून जागेवर उभा होता.

दसऱ्यानंतर पांढरा विकला.

आता कबऱ्याची खरी परीक्षा होती. दोन आठवड्यांत त्याचा तुरा लालबुंद झाला, पहिली बांग त्याची, चाल बदलली. आणि एका सकाळी सून लाल बादली घेऊन निघाली तेव्हा त्याने तिच्या पावलावर झेप घेतली. घरात पुन्हा भीती पसरली. मुलगा म्हणाला, हाही तसलाच. पण सून मागे हटली नाही. तिने बादली खाली ठेवली आणि नुसती उभी राहिली. कबऱ्याने मान वळवली आणि जमीन टोचायला लागला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार झाला, तेव्हा तिने त्याला उचलून काखेत धरला आणि तसाच घेऊन विहिरीवर जाऊन आली. त्यानंतर त्याने तिला अडवलं नाही. बादलीही निळी घेतली. दोन्हींतल्या कशाने फरक पडला ते सांगता येणार नाही.

नातवासाठी नियम झाला : मोठं माणूस सोबत असल्याशिवाय अंगणात उतरायचं नाही, आणि संध्याकाळची कणी त्याने पायरीवर उभं राहून टाकायची.

काय झालं

महिनाभरात कोंबड्या फणसावरून उतरून खुराड्यात यायला लागल्या. अंडी कार्तिकअखेर पुन्हा आठवर गेली. त्यातला काही वाटा पिसं टाकायचा काळ संपल्याचा आहे, सगळं श्रेय नर कमी केल्याला देणार नाही. पाठींवर पिसं आली. मार्गशीर्षात नातू पडवीतून गोठ्यापर्यंत एकटा चालत गेला, सगळे श्वास रोखून बघत होते, कबऱ्याने मान वर करून त्याला बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

पिल्लांसाठी अंडी लगेच बसवली नाहीत. नराचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं, म्हणजे नर गेल्यावरही तेवढे दिवस पिल्लं त्याची निघू शकतात. म्हणून पांढरा विकल्यापासून पुरते २१ दिवस जाऊ दिले, त्यानंतरच्या अंड्यांवर काकीने कोळशाने खूण केली. १२ अंड्यांतून १० पिल्लं निघाली.

भातकापणी झाल्यावर तांबड्याची राखण दिली. घरातले पुरुष त्याला घेऊन गेले. नातवाला कोणी खोटं सांगितलं नाही, आणि ते बरं झालं. तो त्या दिवशी जेवला नाही. आजीच्या मांडीवर बराच वेळ पडून होता.

मागे वळून बघताना

आषाढातला सल्ला माझा आणि तो चुकला. साडेचार महिन्यांच्या नराचं वजन कळतं, स्वभाव कळत नाही. आता मी सांगते की हाताशी सोय असेल तर एक नर जास्त ठेवा आणि सात-आठ महिन्यांपर्यंत बघा. ते महाग पडतं, गटारीचा भाव हातचा जातो. पण ज्यांचा धंदा पिल्लांचा आहे त्यांनी तरी तेवढं सोसावं असं मला वाटतं. असील रक्तातला ताठा अंड्यातूनच आलेला असतो हे खरं, पण माहेरच्या तीन अंड्यांतला दुसरा नर गटारीला गेला, त्याचं काय झालं असतं ते आता कळणार नाही. तांबड्याच्या बाबतीत रक्तापेक्षा डालग्यातले ते पंधरा दिवस आणि गणपतीतले पाच दिवस जास्त नडले, असं माझं मत झालंय.

मुलांचा तो खेळ मी स्वतः पडवीत बसून बघितला होता. आरतीला गेले होते, हातात प्रसाद होता. एका वाक्याने थांबवता आला असता.

एक काम अजून बाकी आहे. कबरा म्हाताऱ्या कोंबड्याचा मुलगा आणि परसातल्या तलंगा त्याच्याच रक्ताच्या. फार वर्षं हे चालू दिलं तर पिल्लं कमजोर निघतात. चैत्रात पलीकडच्या वाडीतल्या एका घराशी कोंबड्याची अदलाबदल ठरलीय. काकीला कबऱ्याला द्यायचं जिवावर आलंय आणि तिने अट घातलीय की त्यांचा नर आधी महिनाभर तिला सकाळी जाऊन बघता आला पाहिजे.

नव्या दहांतल्या एका पिल्लाचा परवा पाय लचकला. ते चुलीजवळ डालग्याखाली आहे. नातू भरवतो, पण या खेपेला डालग्याखाली त्याच्यासोबत आणखी दोन पिल्लं ठेवलीत.